आणणाऱ्याचं नाव

"उघडू नका सर," कांचन म्हणाली. "पिशवीतूनच बघा. खाली लॅबमध्ये कळलं तर माझी नोकरी जाईल."

इस्पितळाच्या प्रयोगशाळेतली ती प्लेट तिनं दोन पारदर्शक पिशव्यांत घालून ओढणीखालून आणली होती. तीस वर्षांपूर्वी नानांनी तिला कॉलेजात बुरशीशास्त्र शिकवलं होतं. नानांना नाही म्हणायला ती तेव्हाही शिकली नव्हती.

नाना, म्हणजे प्रोफेसर पद्माकर गुप्ते, पलंगावर उशीला टेकून बसले होते. नाकात प्राणवायूची नळी होती. त्यांच्या फुप्फुसातून काढलेल्या चार थेंबांतून या प्लेटमध्ये तीन आठवडे काहीतरी पांढरं, कापसासारखं वाढत होतं, आणि त्याला नाव लागत नव्हतं.

त्यांची मुलगी मधुवंती खिडकीपाशी उभी होती. तिला एकच वाक्य ऐकायचं होतं. कांचननं ते लगेच म्हटलं.

"हवेतलीच कुठली तरी असेल, मधुबेन. आपण श्वास घेतो ने, त्यात पण असते. कोणाच्या हातात थोडंच आहे?"

मधुवंतीनं मान हलवली. आठ वर्षांपूर्वी तिनं नानांना आपली एक किडनी दिली होती. शरीरानं ती परकी म्हणून बाहेर काढू नये, यासाठी नाना रोज दोन वेळा गोळ्या घेत. गोळी तोंडात टाकताना म्हणत, "ही बुरशीतूनच निघाली बरं का. हिनं माझे पहारेकरी झोपवले, म्हणून तुझी किडनी माझ्या घरात नांदते." पहारेकरी झोपलेले, तेव्हा माती नको, बाग नको, ओलं लाकूड नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सगळा जन्म बुरशीमागे हिंडलेला माणूस बडोद्यातल्या सुभानपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये खिडक्या लावून बसला. यंदा श्रावणात डभोईहून येताना मधुवंतीला रस्त्याकडेला आंब्याची वाळकी फांदी दिसली. तिच्यावर नखाएवढे पांढरे पंखे उगवले होते. नानांच्या पंच्याहत्तरीला तिनं ती घरी आणली. त्या दिवशी नाना कितीतरी महिन्यांनी दोन पोळ्या जेवले.

आता गोळ्या बंद होत्या. पहारेकरी जागे व्हावेत म्हणून. किडनी रोज थोडी थोडी जात होती.

नानांनी भिंग डोळ्याला लावलं आणि प्लेट उजेडाकडे तिरकी धरली. बराच वेळ खोलीत त्यांची धाप तेवढी ऐकू येत होती.

"कडेला बघितलंस, कांचन?"

"कडेला?"

"परीक्षेतही मधलंच बघायचीस. कडेला पंखे फुटलेत. तीन. खालच्या पात्या मधोमध चिरलेल्या."

कांचननं भिंग घेतलं. बघितलं. मग तिनं मधुवंतीकडे बघितलं नाही.

"मधू," नाना म्हणाले, "आपलीच आहे ही."

"अरे सर, ही तर गावभर असते!" कांचन घाईनं म्हणाली. "कमाटीबागेत जा, प्रत्येक ओंडक्यावर. कुठून आली ते कसं सांगणार?"

"मी आठ वर्षांत कमाटीबागेत पाऊल टाकलेलं नाही. ती फांदी मात्र दोन महिने रोज सकाळी भिजवली. पाणी पडलं की मिटलेले पंखे उघडतात. नाक टेकवून बघायचो." ते थांबले, दम घेतला. "जपानात हिच्यातून औषध काढलंय. कॅन्सरच्या रोग्यांचे पहारेकरी उठवायला. आणि माझ्याकडे ही चरायला आली."

मधुवंती खिडकीपासून पलंगाशी आली.

"नाना, ही माणसात शिरते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत? मी त्याच दिवशी फेकून दिली असती."

"म्हणूनच."

कांचननं प्लेट परत घ्यायला हात पुढे केला. नानांनी ती छातीशी धरली.

"आधी पाकीट कर, मधू."

शाळेत असल्यापासून हे काम तिचं होतं. वर्तमानपत्राच्या कागदाची तीन घड्यांची पुडी, वर पांढरी चिठ्ठी. चिठ्ठीवाचून घरात बुरशीचा एकही नमुना ठेवला जायचा नाही. तिनं टेबलावरच्या गुजराती पेपरचं पान फाडलं. हातांनी आपोआप घड्या घातल्या.

"कशावर उगवली?"

"माणूस. पुरुष, वय पंच्याहत्तर. उजवं फुप्फुस."

"गाव?"

"बडोदे."

"जिवंत की मेलेला?" सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं. लाकडाबद्दल हे दर वेळी विचारायचं असे.

"जिवंत," नाना म्हणाले. "पेन्सिलीनं लिही."

तिनं लिहिलं. शेवटची ओळ राहिली. आणणाऱ्याचं नाव.

"हवेतून आली, असं लिहू?" तिनं विचारलं. आवाज इतका लहान होता, की कांचननं तोंड फिरवलं.

"ठाऊक कुणाला होतं, ते चिठ्ठीवर नसतं मधू. आणली कुणी, तेवढं असतं." उशाशी ठेवलेलं शाईचं पेन त्यांनी पुढे केलं. "हे पेनानं."

"सर, बस ने आता!" कांचन म्हणाली.

मधुवंतीनं नाव लिहिलं. पूर्ण, नेहमीच्या वळणदार अक्षरात. नानांनी चिठ्ठी भिंगाखाली धरून वाचली. शाई अजून ओली होती. ती वाळावी म्हणून त्यांनी ओठ पुढे काढून फुंकर घातली. फुंकर कागदापर्यंत पोचली नाही.