सुईआधीचा प्रश्न

"अंडं खाल्ल्यावर कधी अंग सुजलं, श्वास कोंडला, असं झालंय का?" नर्स शांतीबाईंनी सुई भरून हातात धरली होती. "ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. तसा त्रास झाला असेल, तर जिवावर बेतेल."

"आम्ही गुजर लोक, बाई," चुनीलाल बाकावरून म्हणाला. "आमना घरमा आंडानं नाव बी कोनी लेत नही."

त्याची सून पार्वती हिनंही मान हलवली. "मी कधी खाधं नही."

शेजारी उभ्या सासू जसोदाबाईनं आधी सुईकडे, मग सुनेकडे पाहिलं.

सत्तावन्न सालचा तो फ्लूचा ताप तापीकाठच्या गावागावांत शिरला होता. शेजारच्या गावात दम्याची एक बाई तीन दिवसांत गेली. पार्वतीलाही दमा. म्हणून जसोदाबाईनंच नवऱ्याच्या मागे लागून तिला बैलगाडीतून शहाद्याच्या दवाखान्यात लस टोचायला आणलं होतं.

पोरगी खोटं बोलत नाही, असंच जसोदाबाईला वाटलं. तिला ठाऊकच नसणार. मागच्या हिवाळ्यात तिची धाप काही केल्या बसेना, तेव्हा कपाशी वेचायला येणाऱ्या कमलीबाईनं उपाय सांगितला: कच्चं अंडं दुधात फेटून पाजा. जसोदाबाईनं पदराआड अंडं आणलं, दुधात गूळ घातला आणि पाजलं. घटकाभरात पार्वतीचे ओठ सुजले, डोळे मिटले, गळ्यातून शिट्टीसारखा आवाज निघू लागला. घरातले म्हणाले, दमा उठला. जसोदाबाईनं अंड्याचं कुणाला कळू दिलं नाही.

आता सांगितलं, तर चुनीलाल तिच्या हातचं पाणीही पिणार नव्हता. नातलगांत तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

नर्सनं पार्वतीच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. सुई जवळ आली.

"थांबा!" जसोदाबाईनं नर्सचं मनगटच धरलं. "तिनी खाधं शे. मीच दुधमा घालीसन दिधं. मरता मरता वाचनी ती."

चुनीलाल उठला. बायकोकडे न बघता बाहेर गाडीकडे निघून गेला.

शांतीबाईंनी सुई ताटलीत ठेवली. "हिला ही लस नको. घरात कुणाला ताप आला, तर त्याला हिच्यापासून लांब ठेवा."

जसोदाबाई भिंतीला टेकून खालीच बसली. पार्वतीनं बाही खाली ओढली, तिच्याजवळ टेकली आणि हळूच म्हणाली,

"माय, त्या दुधले तवयच आंडाना वास उना व्हता. तुमनं नाव नको येवाले, म्हनीसन मी तवय गप बसनी, आते खोटं बोलनी."