विहिणीचे पाय

चारुतानं, माझ्या सुनेनं, संगणकातला व्हिडिओ प्लेअर अपडेट केला आणि तिच्या लग्नाचा व्हिडिओ अडायला लागला. तिची आई अनसूयाबाई परात घेऊन माझे पाय धुवायला बसल्या, की पडद्यावर एररची पाटी यायची. विहीणबाई दिवाळीत गेल्या. त्या हसताना फक्त तिथंच दिसायच्या.

"जुनाच प्लेअर आण गं, माय," मी चारुताला म्हटलं.

"प्लेअरचं काही नाही, आई. व्हिडिओच तिथं खराब आहे. जुना प्लेअर तेवढा तुकडा गाळून पुढं जायचा, आपल्याला कळायचंही नाही."

शेंद्र्याच्या कंपनीतून आल्यावर ती रोज त्याच्यामागं बसायची. अखेर रविवारी तुकडा जुळला.

करमाडचा मांडव, दुष्काळाचं साल, पाणी टँकरचं. तरी विहीणबाईंनी माझ्या पायांवर तांब्यामागून तांब्या ओतला होता. हौस म्हणावी तर अशी, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता पुढचं दिसलं. भरली परात त्यांनी जपून उचलली, घरामागं नेली आणि गुडघ्याएवढ्या मोसंबीच्या रोपाला घातली.

"अनसूये, विहिणीच्या पायाचं पाणी झाडाला व्हय?" कुणीतरी हसलं.

"मग? तिला दरसाल मोसंबी धाडायची हाय. झाड जगवाया नको?"

त्यांचं शेत पुढं रस्त्यात गेलं, मोसंबी मात्र दरसाल येत राहिली. यंदा विहीणबाई नाहीत, तरी चारुताचा भाऊ पिशवी भरून ठेवून गेला.