गुलाबी नखं

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचा एकमेकींना चिकटल्या की आम्ही दोघी प्राध्यापक मैत्रिणी शिपाईकाकांना हाक मारायचो. नखं कुरतडायची सवय दोघींनाही होती. "डिग्र्या ढीगभर, नखं शून्य," काका हसायचे. सुट्टीनंतर आज कॉलेज उघडलं. मी काकांना हाक मारणार, तोच मैत्रिणीने नखाने काच अलगद सोडवली. दहाही बोटांना गुलाबी नखं! माझा नुसता जळफळाट झाला. "मला एका शब्दाने बोलली नाहीस?" "बोलले असते तर तू चिडवून चिडवून पुन्हा कुरतडायला लावलं असतंस." खोटं नव्हतं. माझं बोट आपसूक ओठांशी गेलं. ती बघत होती. मी बोट खाली घेतलं आणि खणातले रबरी हातमोजे चढवले. दुपारी डबा उघडला तेव्हाही ते हातातच होते. "अगं, जेवताना तरी काढ!" ती म्हणाली. "तू गप्प बस," म्हणत मी चमचा शोधू लागले.