दारापुढचा ढीग

हंबीरराव शेजारच्या भिंतीवरून पडले आणि थेट शेळीपुढं जाऊन बसले. म्हणजे पडले नाहीत. असं काही घडलंच नाही. मे महिन्यातल्या त्या दुपारी ते आपल्या घरात झोपले होते आणि उजव्या पायाचं प्लास्टर त्यांना पहिल्यापासूनच होतं, असं धरून चालू.

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत उन्हाळा दारापुढच्या ढिगावरून मोजत. ज्याच्या दारात आंब्याच्या कोया जास्त, त्याचा उन्हाळा थोर. सन अडुसष्टचा उन्हाळा हंबीररावांचा होता. गुळाची अडत जोरात. घरात माणसं दोनच, ते आणि शालूबाई, पण ढीग बारा माणसांचा. हापूसच्या साली, पेटीतला पेंढा, बर्फाच्या लादीचा भुसा. गल्लीचं कोंडाळं चार पावलांवर होतं, पण तिथं टाकलेला कचरा कुणाचा हे लोकांना कसं कळणार? म्हणून ढीग दारातच. हापूसच्या साली वर दिसतील असा ते रोज सकाळी तो काठीनं सारखा करत.

शेजारी सिकंदर कल्हईवाल्याचं घर. त्याच्या दारात काहीच नसायचं. कोय नाही, साल नाही, काडीसुद्धा नाही. हंबीररावांना आधी त्यांची दया आली. "बिचाऱ्यांनी औंदा आंबा बघिटला नसंल," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सिकंदरच्या घरात ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

मग भिंतीपलीकडून हसणं यायला लागलं. रोज दुपारी. त्यातलं एक हसणं सिकंदरच्या बायकोचं, खतिजाचं. दुसरं कुणाचं ते ओळखायला हंबीररावांना तीन दिवस लागले. ते शालूबाईंचं होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण त्यांनी ते आधी कधी ऐकलेलं नव्हतं.

त्यांनी टेबलफॅन आणला. शालूबाईंनी फॅन घरात ठेवला आणि त्याचं खोकं खतिजाकडं नेलं. त्यांनी बर्फाची दुसरी लादी आणली. शालूबाईंनी भुसा नेला. दारापुढचा ढीग रोज हातभर खाली बसू लागला. गल्लीत आपला उन्हाळा कुणीतरी चोरतंय हे हंबीररावांच्या ध्यानात आलं. चोर त्यांच्याच घरात जेवत होता.

"तकडं हाय तरी काय असं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय. गार हाय."

"मग हितं फॅन हाय की!"

"फॅन बोलत न्हाय," शालूबाई म्हणाल्या आणि ओच्यात कोया भरून निघून गेल्या.

हंबीररावांनी आंब्याच्या तीन पेट्या एकावर एक रचल्या आणि वर चढले. भल्या माणसानं दुसऱ्याच्या अंगणात डोकावू नये हे ते जाणून होते, म्हणून त्यांनी एकच डोळा वर काढला.

सोप्याला भिजवलेलं तरट टांगलं होतं. त्यातून येणारं वारं गार होतं, आणि त्यातून गळणारं पाणी खाली एका फुटक्या घागरीत पुदिन्यावर पडत होतं. खतिजानं रायवळ आंब्यांचा रस काढला होता. साली आणि कोया धुतलेल्या पाण्याचं सार चुलीवर उकळत होतं. चुलीत फॅनचं खोकं जळत होतं. निखाऱ्यात कोया भाजत होत्या. शेळीखाली बर्फाचा भुसा पसरला होता. दोघी चिंचोक्यांचा डाव मांडून बसल्या होत्या आणि डाव सोडून कशाला तरी हसत होत्या. त्या घरातून बाहेर पडायला कचऱ्याला सवडच नव्हती.

पण हंबीररावांना यातलं काहीच धड दिसलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की शालूबाई चंद्री शेळीला साल भरवतायत. स्वतःच्या हातानं.

"खा गं माझी बाय. आनी एक घे," असं म्हणून त्यांनी चंद्रीची हनुवटी खाजवली.

हंबीररावांनी भिंत घट्ट धरली. सोळा वर्षांत शालूबाईंनी त्यांना वाढलं होतं, आग्रह केला होता, प्रसंगी ताट आपटलंही होतं. भरवलं नव्हतं. हनुवटीचा तर विषयच नव्हता. नीट बघावं म्हणून त्यांनी दुसरा डोळा वर काढला, तेव्हा खालची पेटी मोडली. यानंतर जे झालं नाही ते असं, की ते भिंतीच्या पलीकडच्या बाजूला पडले.

चंद्रीनं त्यांना हुंगलं, खाण्यासारखं काही दिसलं नाही म्हणून तोंड फिरवलं.

खतिजा हातात झाडू घेऊन उभी राहिली. "शालूताई, ह्ये तुमच्याकडनं आलंय नव्हं? काय करू ह्येचं?"

शालूबाईंनी नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. कुठल्याही वस्तूकडं त्या अंगणात बघत तसंच.

"टाकू नगंस, खतिजा," त्या म्हणाल्या. "कायतरी उपेग हुईल त्येंचा."

सिकंदर टांगा घेऊन येईपर्यंत हंबीरराव तरटाखाली पडून राहिले. शालूबाईंनी त्यांचं डोकं उचलून धरलं आणि वाटीनं सार पाजलं. पायाचं हाड मोडलं होतं आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

त्यानंतर ते घरी कॉटवर पडले. समोर फॅन फिरत होता. भिंतीपलीकडं हसणं चालू होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद मागवला आणि नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला:

"सिकंदर कल्हईवाले यांच्या अंगणातील चंद्री नामक शेळी अर्जदाराच्या पत्नीच्या हातून दररोज खाद्य घेते. सबब सदर शेळीची बदली अन्यत्र करावी. ते सोयीचे नसल्यास, अर्जदार साली खाण्यास तयार असून, मृग नक्षत्रापर्यंत त्या जागेवर अर्जदाराची नेमणूक व्हावी, ही नम्र विनंती."