काडी दाखवण्याचा कार्यक्रम

"फांदीला मूळ फुटणं फांदीच्या हातात नसतं, लावणाऱ्याच्या हातात असतं. आणि हा हात," परमेश्वर हेगडेंनी ओटीवर उभं राहून उजवा हात उंच केला, "आजवर वाया गेलेला नाही."

हात मनगटापर्यंत कोरफडीच्या गरानं बरबटला होता. त्यावर दालचिनीची पूड बसली होती आणि मधाच्या वासानं आलेल्या मुंग्या कोपराच्या दिशेनं निघाल्या होत्या.

"तो आधी धुवा," त्यांची बायको शरावती आतून म्हणाली. "मादेवक्का आल्यात."

हेगडेंनी हात धुतला, रुबाब तसाच ठेवला. शिरशीकडे पाहुणी बाई निघताना पिशवीत एखादी फांदी घातल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. पण मादेवक्कांनी आपली दुहेरी पाकळ्यांची गुलाबी जास्वंद कधी कुणाला दिली नव्हती. गेल्या महिन्यात त्यांनी तिची हातभर फांदी हेगडेंना दिली, कारण हेगडेंनी त्यांच्या ओटीवर बसून हेच भाषण केलं होतं. तिचा कोवळा शेंडा आता ओटीवर काचेच्या ग्लासात उभा होता.

मादेवक्कांनी छत्री खांबाला टेकवली आणि कधी नव्हे तो कषायाचा गरम काढा नको म्हटला. ते ऐकून शरावती पेला घेऊन दारातच थांबली.

"पोफळ पडली," मादेवक्का म्हणाल्या. "कालच्या वाऱ्यात. नेमकी जास्वंदीवर. बुंधा चिरडला. गडी बोलावून पोफळ उचलेपर्यंत उरलंसुरलं गाईनं खाल्लं. माहेरचं झाड होतं. आता माहेरीही नाही, त्या अंगणावरून रस्ता गेला."

"एवढंच ना?" हेगडे म्हणाले. "अक्का, डोळे पुसा. तुमचं माहेर माझ्या ग्लासात आहे."

"मूळ फुटलंय?"

"फुटलंय का म्हणून काय विचारता! शहाळ्याचं पाणी आहे ते, रोज ताजं. टोकाला कोरफड, कोरफडीवर मध, मधावर दालचिनी. रसायनाचा कण नाही. बाळंतिणीची एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही. हे बघा!"

आणि त्यांनी काडी सर्रकन उपसून मादेवक्कांच्या नाकासमोर धरली.

टोक काळं पडलं होतं. बोट लावलं तर साल सुटून येत होती. आंबलेल्या पायसासारखा वास ओटीभर पसरला.

मादेवक्कांनी काडी हातात घेतली, पदरानं पुसली आणि पुन्हा पाहिली.

"रोज काढून बघत होता की काय, हेगडेरे?"

"छे, छे! रोज कशाला? पाहुणे आले की तेवढी दाखवतो."

"पाहुणे रोज येतात," शरावती म्हणाली. "काल तर पोस्टमनला दाखवली."

"त्यानं विचारलं म्हणून."

"त्यानं सही मागितली होती."

मादेवक्कांनी ती मेलेली काडी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती.

"पाणी बदलून आणतो," असं काहीतरी पुटपुटत हेगडे ग्लास घेऊन मागच्या दारी गेले.

न्हाणीघराच्या मागे अळू माजलं होतं. नासलेलं पाणी त्यात ओतायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. अळवाच्या पानांखाली अंगठ्याएवढं जाड एक खोडकं चिखलात तिरकं रुतलं होतं. त्याच्या डोळ्यातून दोन कोवळी, कातरल्या कडांची पानं आली होती.

हेगडेंचा हात आपसूक पुढे गेला. दोन बोटांनी खोडकं धरलं, हळूच ओढलं. ते हाललं नाही. आणखी थोडा जोर लावला असता तर मुळं दिसली असती, आणि ती पाहायची हेगडेंना भारी हौस होती. मग त्यांनी एक-एक करून बोटं सोडवली आणि हात पाठीमागे नेऊन दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

"अक्का!" ते ओरडले. "इकडे या! दोघीही या!"

मादेवक्का अनवाणी चिखलात उतरल्या. उकिडव्या बसून त्यांनी एक पान बोटावर उचललं, उलटं करून पाहिलं.

"आमचीच," त्या म्हणाल्या.

"अगं बाई, हे तर मध ढवळायचं दांडकं!" शरावती म्हणाली. "शेंडा कापल्यावर उरलेला बुडखा घेऊन हे मध-दालचिनी घोटत बसले होते. वाटी धुताना मीच तो तांदळाच्या धुवणाबरोबर इथं भिरकावला."

हेगडेंचा चेहरा उजळला. पाठीमागचे हात सुटले.

"ऐकलंत? घोटलं कुणी? मी! सगळ्यात जास्त औषध कुणाच्या अंगात मुरलं? दांडक्याच्या! ग्लासातल्या काडीला नुसता लेप होता, ह्याला रीतसर अभ्यंग मिळालं. अक्का, पद्धत अचूक आहे. आता ह्याला आळं करायचं, आळ्यात शेणकाला, आणि चांगलं धरलं की मी स्वतः, ह्या हातांनी, तुमच्या अंगणात..."

"हेगडेरे," मादेवक्का पानावरची नजर न काढता म्हणाल्या, "एक मागू?"

"मागा! एक काय, दहा मागा!"

"गणेशचतुर्थी होईपर्यंत तुम्ही ह्या मागच्या दारी येऊ नका. तेवढं जमवाल?"