दोन फासे

आई आणि अप्पा फोनवर एकदमच बोलायला लागायचे, त्यामुळे मला दोघांचंही कळायचं नाही. थांबायचेही एकदम आणि पुन्हा सुरू व्हायचे तेही एकदम.

मी जहाजावरचे कॉम्प्युटर सांभाळते. शेवटी त्यांना तिथलाच नियम शिकवला. एकाच तारेवर दोन कॉम्प्युटरांचं बोलणं आदळलं, की दोन्ही गप्प होतात. मग नशिबाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलतात. तुम्ही सापशिडीचे फासे टाका, ज्याचा आकडा लहान तो आधी बोलेल.

"हे रडीचा डाव खेळतात," अशी आईची तक्रार दुसऱ्याच दिवशी आली.

आज जहाज बंदर सोडत होतं. रेंज जेमतेम काही मिनिटं राहणार होती, पुढे महिनाभर फोन नाही. व्हिडिओ लागला, दोघं एकदम बोलले, थांबले आणि फासे पडले.

अप्पांनी आपल्या फाशावर पटकन हात ठेवला. "सहा पडलेत. तू बोल."

"मलाही सहाच," आईनंही आपला फासा झाकला.

झाकण्याआधी मला दिसलं होतं. अप्पांना एक पडला होता, आईला दोन.

मग दोघांचा आकडा सारखाच, म्हणून नियमाप्रमाणे दोघंही माझ्याकडे बघत गप्प बसून राहिले.