बॅगवाल्याचा पाहुणचार

"हाच तो," केसपेपरवाल्या बाई पुटपुटल्या, तसं कंपाउंडरने औषधांच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं.

रांगेत काळी चौकोनी बॅग छातीशी धरून एक इसम उभा होता. शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. बाईंना रांगेतली माणसं चेहऱ्याने ओळखू येत नसत. त्यांच्या खिडकीतून फक्त हात दिसायचे. आज मात्र त्या मुद्दाम उठून, वाकून बघत होत्या.

वरच्या ऑफिसातून निरोप आला होता. सरकारी दवाखान्यातले कागद बंद, पेशंटची सगळी नोंद कॉम्प्युटरवर. एक माणूस पाहणीला येईल, त्याला नोंदणीपासून औषधापर्यंत काम दाखवा. त्याने 'कॉम्प्युटरला जमेल' असं वर लिहिलं की खिडकी बंद आणि बाईंची बदली डोंगरापलीकडच्या केंद्रात.

बदली म्हणजे दोन बस. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बाई रोज जेवणाच्या सुट्टीत घरी पळत, त्यांना कुशीवर वळवत, चार घास भरवत आणि भाजीत मीठ कसं जास्त पडलंय ते ऐकून परत येत. उद्यापासून ते ऐकायला कोण जाणार?

"काम इतकं किचकट आहे की यंत्राच्या बापालाही जमणार नाही, असं त्याला वाटलं पाहिजे," डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं. कॉम्प्युटर म्हणे कोण किती वाजता कामावर आलं तेही लिहून ठेवतो. डॉक्टरांना ही चहाडी अजिबात पसंत नव्हती.

बॅगवाला खिडकीशी आला. "नमस्कार. नोंदणी इथंच ना?"

"पाटी वाचता येते का?"

"येते."

"मग वाचा."

पाटी खिडकीच्या आतल्या बाजूला होती. बॅगवाल्याने मान तिरकी करून आत डोकावून पाहिलं.

"मला आज यायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे आम्हाला. बाजूला उभे राहा."

तो उभा राहिला. बाईंनी शिक्क्याची शाई बदलली, टाचण्या सरळ केल्या, त्याच्या मागच्यांना आधी घेतलं. गडी हूं की चूं करेना. चांगलाच मुरलेला दिसतोय, बाईंनी मनात नोंद केली.

अखेर त्यांनी कोरा केसपेपर ओढला. "बघून ठेवा, हे असं असतं. नाव? वय?" त्याने सांगितलं. "झालं! मान वर न करता. येईल असं करायला?"

"छे हो, कसं येणार," तो अदबीने म्हणाला.

"शिक्का कंपाउंडरकडे."

कंपाउंडर म्हणाला, "शिक्का बाईंकडे." बाई म्हणाल्या, "आधी वजन."

वजनकाट्यावर कंपाउंडरने स्वतः त्याला उभं केलं. "हा काटा दोन किलो जास्त दाखवतो. आम्ही ते मनातल्या मनात वजा करतो. कॉम्प्युटर मन कुठून आणणार, साहेब?"

"साहेब" असा उच्चारला की शिवी बरी. बॅगवाल्याने मान डोलावली.

मग त्याला डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवलं. आत बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी सगळी तयारी केली होती. ड्रॉवरच्या तळातून स्टेथोस्कोप शोधून काढला होता, फुंकर मारून धूळही उडवली होती.

"आ करा. मोठा. आता खोल श्वास. पाठ फिरवा. पुन्हा. असं छातीला कान लावून ऐकेल का कुठलं यंत्र?"

"नाही, डॉक्टरसाहेब."

"आणि हे बघा." डॉक्टरांनी झरझर औषध लिहिलं. "हे अक्षर वाचता येईल त्याला?"

बॅगवाल्याने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. "नाही येणार. कुणालाच."

डॉक्टरांची कळी खुलली.

औषधाच्या खिडकीवर कंपाउंडरने गोळ्यांची पाकिटं आदळली, वर एक सीलबंद बाटली ठेवली. ही बाटली एरवी कायम संपलेली असे. "न्या! दाखवा लोकांना. आमच्याकडे काही नसतं अशी बोंब असते ना!"

बॅगवाला दाराशी पोचला तेव्हा बाईंना राहवलं नाही. त्या खिडकीतून ओरडल्या, "मग? काय सांगणार आता?"

"जे पाहिलं तेच, बाई. चार लोकांना सांगेन."

"चार कशाला? वर कळवा! खुशाल कळवा!"

"वर? बरं झालं सुचवलंत. कळवतो." आणि तो गेला.

"काशी झाली त्या कॉम्प्युटरची!" कंपाउंडर म्हणाला. डॉक्टरांनी चहा मागवला. पहिला घोट घेतात तोच वरच्या ऑफिसातून फोन आला. बाईंनी उचलला.

"तो कॉम्प्युटरवाला आज येत नाहीये हो. पोट बिघडलंय त्याचं. खासगी दवाखान्यात गेलाय. सोमवारी पाठवतो."

बाईंनी फोन ठेवला की टाकला, त्यांनाच कळलं नाही. त्या धावत पायऱ्यांवर आल्या. बॅगवाला फाटकापाशी पोचला होता.

"अहो! थांबा! तुम्ही आहात तरी कोण?"

"मी? पेशंट, बाई. खोकल्याचा. नेहमीचाच. बॅगभर केसपेपर आहेत माझे." तो चार पावलं परत आला. त्याचा चेहरा उजळला होता. "गेल्या खेपेला दोन दिवस हेलपाटे घातले, तरी डॉक्टरांची नुसती पाठ दिसली. मग आज या म्हणाले. आज जेवणाच्या सुट्टीआधी मोकळा झालो. छाती तपासली, औषध मिळालं, आणि सगळे बोललेसुद्धा माझ्याशी!"

बाईंनी कठडा धरला.

"कॉम्प्युटर सुरू झाला वाटतं," तो म्हणाला. "वर कळवतोच आजच्या आज, की काही झालं तरी हा काढू नका."